मुख्याध्यापक आपलाच आहे, पण मुलीला वाचता येत नाही!

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकावरून गावात दोन तट पडणे ही काही नवी गोष्ट नाही. एक तट म्हणतो, यांची बदली करा. दुसरा म्हणतो, हात लावून दाखवा. दोन्हीकडे पालकच असतात. वस्तीतले पालकसुद्धा दोन्हीकडे वाटले गेलेले असतात. आपल्या चळवळीच्या पानांवर अत्याचार, आरक्षण आणि शिष्यवृत्ती यांवर पुष्कळ लिहिले जाते. ते लिहिलेच पाहिजे. पण पहिली-दुसरीच्या वर्गात काय चालते आणि ती शाळा कोण कशी चालवतो, याकडे आपले लक्ष जात नाही. गेलेच तर भांडण पेटल्यावर जाते आणि तेव्हा आपण एकच प्रश्न विचारतो, मुख्याध्यापक कोणत्या समाजाचे आहेत?

एक गाव डोळ्यांपुढे धरू. नाव देत नाही, कारण हे एकाच गावाचे चित्र नाही. ठिकठिकाणी जे घडते ते येथे एकत्र मांडले आहे. एका गावाचे नाव दिले की बाकीची गावे सुटतात.

शाळा पहिली ते पाचवी. पट साठच्या आत, त्यामुळे शिक्षक दोनच. त्यांतले ज्येष्ठ तेच मुख्याध्यापक. ते बौद्ध समाजातले आहेत. आल्या आल्या त्यांनी परिपाठात संविधानाची उद्देशिका रोज म्हणायला लावली. खरे तर शासनानेच २६ जानेवारी २०२० पासून ती शाळांत म्हणायला सांगितले आहे, पण आधीच्या गुरुजींच्या काळात तो कागद फाइलमध्येच राहिला होता. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती मुलींच्या हातून होऊ लागली. सरस्वतीची पूजा थांबली. खिचडीची पंगत एक झाली. आधी वस्तीतली पोरे आपोआप रांगेच्या शेवटी बसत. कोणी सांगायचे नाही, पण सगळ्यांना ठाऊक. शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवली. त्याला शंभर वर्षे उलटल्यावर या शाळेत एक पंगत झाली!

गावातल्या वजनदार घरांना हे मानवले नाही. त्यांच्या तक्रारीची भाषा मोठी सभ्य असते. ‘शाळेत राजकारण शिरले’, ‘मुलांवर संस्कार राहिले नाहीत’, ‘आधीचे गुरुजी कसे शिस्तीचे होते’. आता या शिस्तीकडे जरा नीट पाहू. आधीचे गुरुजी साडेदहाच्या ठोक्याला हजर असत, हे खरे. दरवर्षी एक-दोन मुले शिष्यवृत्ती परीक्षेत चमकत, हेही खरे. पण ती मुले पहिल्या ओळीतली. वर्ग झाडायला, हंडे भरायला, संडास धुवायला कोणाची पोरे जात? हजेरीपट काढून बघा. पहिलीत नाव घातलेली वस्तीतली मुले चौथीपर्यंत किती उरली? छडीच्या भीतीने पळाली ती वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला गेली. गुरुजींनी त्यांच्या नावापुढे लाल शाईने ‘सतत गैरहजर’ लिहिले, की त्यांची जबाबदारी संपली. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत बसायला घरचे गोणपाट नेले आणि शिपाई नसला की दिवसभर पाण्यावाचून काढला. त्या शाळेतही शिस्त असेलच की!

येथपर्यंत चळवळीच्या वाचकाला काही नवे वाटणार नाही. अवघड भाग पुढे आहे.

तक्रार फक्त वजनदार घरांचीच नाही. वस्तीतल्या आयाबायांचीही आहे. एकीची मुलगी तिसरीत गेली. हजेरी रोजची. उद्देशिका तोंडपाठ, भाषण खडखडीत. पण पहिलीच्या पुस्तकातले पान समोर ठेवले तर तिला जोडाक्षर लागत नाही. आई म्हणते, “सर भले माणूस हायेत, पोरीला कधी टोचून बोलले न्हाईत. पर तिला वाचाया येईना, त्याचं काय करू?” सर वारंवार तालुक्याला जातात. सर गेले की पाच वर्ग एकाच शिक्षिकेच्या अंगावर पडतात. तीन-तीन तास मुले फळ्यावरचे उतरवून घेत बसतात.

यावर वस्तीतल्याच शहाण्या मंडळींचे उत्तर ठरलेले असते. ‘वहिनी, आपला माणूस आहे. बाहेर बोलू नका. त्यांना आयते कोलीत मिळेल.’ हे सांगणारे कार्यकर्ते बहुधा तालुक्याला राहतात आणि त्यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बसने जातात. मुलांना चांगल्या शाळेत घालणे हा गुन्हा नाही. पण ज्याची मुलगी त्या वर्गात बसत नाही, त्याने त्या वर्गात बसणाऱ्या मुलीच्या आईला गप्प बसवू नये.

तिसरे मतही आहे आणि तेही वस्तीतलेच. काही बाप म्हणतात, आधीचे गुरुजीच बरे होते. मारायचे, पण शिकवायचे. हे ऐकले की आपल्याला राग येतो. त्या बापाला मनुवादाचा गुलाम म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हा बाप काय मागतो आहे? छडी नाही, शिकवणे मागतो आहे. त्याच्या आयुष्यात या दोन गोष्टी कधी वेगळ्या दिसल्याच नाहीत, म्हणून तो त्या जोडीने मागतो. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे, हे त्याला सांगायलाच हवे. पण मार न देता शिकवून दाखवल्याशिवाय त्याला ते पटणार नाही.

मग मुख्याध्यापक चांगला की वाईट, हे मोजायचे कशाने? बाबासाहेबांनी ते माप दिलेले आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारपुढे एक हिशेब ठेवला. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल होतात, त्यांतली अठराच चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेच्या दारातून आत आलेले प्रत्येक मूल साक्षर होऊन आणि साक्षर राहील अशा टप्प्यावरच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांच्या मते प्राथमिक शिक्षणाचा हेतू होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर आठ दिवसांतच झाला. पाण्याच्या हक्कासाठी निघालेला माणूस त्याच महिन्यात चौथीच्या पटाचा हिशेब मागत होता, हे आपण विसरलो.

या मापाने आधीचे गुरुजी सपशेल नापास. त्यांनी अठरा सांभाळली आणि ब्याऐंशी गमावली. आताच्या मुख्याध्यापकांनी ब्याऐंशी शाळेत आणून बसवली, हे लहान काम नाही. मूल शाळेत टिकते ते आपला अपमान होत नाही या खात्रीने टिकते आणि ही खात्री त्यांनी दिली. पण मूल दारातून आत आले आणि न वाचता बाहेर पडले, तर बाबासाहेबांच्या हिशेबात ते ब्याऐंशीतच मोजले जाईल. तेथे जात पाहून गुण वाढवून मिळत नाहीत.

‘आपला माणूस’ शाळेत असावा, ही मागणी चुकीची मुळीच नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे तीच केली होती. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असे त्यांचे म्हणणे होते. कारण नीट वाचा. आपला माणूस हवा तो आपल्या पोराची अडचण आधी ओळखेल म्हणून. त्याला कोणी प्रश्न विचारू नये म्हणून नव्हे.

आता मुख्याध्यापकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तिच्यात दम आहे. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत दीडशेपेक्षा जास्त मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. साठपर्यंतच्या पटाला शिक्षक दोनच. म्हणजे वर्ग पाच, माणसे दोन आणि त्यांतल्या एकाच्या गळ्यात मुख्याध्यापकपद. खिचडीच्या तांदळाचा हिशेब, संगणकावर भरायची माहिती, आधार जुळवणे, शिष्यवृत्तीचे अर्ज, तालुक्याच्या बैठका हे सगळे त्यांच्याच डोक्यावर. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारणाची कामे तर कायद्यानेच शिक्षकांकडे ठेवली आहेत. वर पट कमी झाला की शाळा बंद होण्याची टांगती तलवार. डिसेंबर २०१७ मध्ये शासनाने कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत पाठवायचे ठरवले, ते आपल्या लक्षात आहे. तेव्हा सर तालुक्याला जातात ते सगळेच काही चहा प्यायला जात नाहीत. तिसऱ्या शिक्षकाची मागणी ही मुख्याध्यापकांची एकट्याची गरज नाही, पालकांची आहे. ती घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किती मोर्चे गेले? बदलीसाठी मात्र दोन्ही बाजू ट्रॅक्टर भरून जातात.

पण दम आहे म्हणून सूट नाही. दोन शिक्षकांच्या शाळेतही रोजचा पहिला तास वाचनाला देता येतो. कोणते मूल कोठे अडले आहे याची एक वही ठेवता येते. पाचवीची मुले पहिलीच्या मुलांना घेऊन बसू शकतात. तालुक्याचे काम आठवड्यातल्या एका दिवशी बांधून घेता येते. हे करायला तिसरा शिक्षक येण्याची वाट पाहावी लागत नाही. अनेक जिल्हा परिषद शिक्षक ते मुकाट्याने करतात, त्यांचे फोटो कोठे छापून येत नाहीत.

सगळ्यात घातक गोष्ट घडते ती तक्रारअर्जावर. वजनदार मंडळी अर्ज लिहितात. त्यात पूजा, संस्कार, राजकारण सगळे येते आणि शेवटी एक ओळ जोडली जाते, मुलांना वाचता येत नाही. मग वस्तीतल्या आईला सांगतात, तुझेच म्हणणे आहे ना, कर अंगठा. ती करते. वस्तीतले कार्यकर्ते त्या अर्जाला जातीयवादी म्हणतात. अर्ज जातीयवादी आहेच, पण त्यात त्या आईची ओळ खरी आहे. अर्जाबरोबर ती ओळही केराच्या टोपलीत जाते. पुढच्या वर्षी तिची मुलगी चौथीत जाते, तशीच.

म्हणून हे दोन अर्ज वेगळे झाले पाहिजेत. जो अर्ज बौद्ध मुख्याध्यापक नको म्हणून केलेला आहे, त्याच्या विरोधात समाजाने ठामपणे उभे राहावे. अनुसूचित जातीच्या माणसाला त्रास व्हावा म्हणून शासकीय अधिकाऱ्याला खोटी माहिती देणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे अर्जदारांना तोंडावर सांगावे. आणि जो प्रश्न वाचनाचा आहे, तो वस्तीतल्या आयांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कागदावर, शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा. त्या कागदावर मुख्याध्यापकांच्या बदलीची मागणी नसावी. किती मुलांना वाचता येते ते मोजून दाखवा, एवढीच मागणी असावी.

ही समिती म्हणजे उपकार नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे २१ वे कलम सांगते की समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. शाळेच्या कामकाजावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा करणे हे समितीचे काम आहे. मुख्याध्यापक तिचे सचिव असतात. म्हणजे कागदोपत्री त्या आईला मुख्याध्यापकांना प्रश्न विचारायचा अधिकार आहे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचाही आहे.

प्रत्यक्षात बैठक लागते सकाळी अकराला. त्या वेळी ती आई दुसऱ्याच्या रानात निंदायला गेलेली असते. एक खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. संध्याकाळी शिपाई किंवा एखादा मुलगा रजिस्टर घेऊन घरी येतो, बोट ठेवतो ती जागा दाखवतो आणि ती सही करते. बैठक झाली. या कामात आपले मुख्याध्यापक आणि त्यांचे गुरुजी यांच्यात काडीचा फरक नसतो. बैठक संध्याकाळी सातला, समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओट्यावर घ्यायला कोणताही कायदा आडवा येत नाही. मुलांनी तेथे आईसमोर पुस्तकाचे एक पान वाचायचे आणि तेवढेच इतिवृत्तात लिहायचे. येत्या बैठकीपासून ही वेळ मागून घ्यावी. मुख्याध्यापक खरोखर आपले असतील तर ते नाही म्हणणार नाहीत.