स्फटिकाच्या काठावर

श्रोतेहो, आपल्या कोळगावाहून तारापूर काही फार दूर नाही. तेथील अणुभट्टी म्हटली की आपणांस आठवते ती १९६९ पासून मिळणारी वीज. परंतु अणुभट्टीत जन्मणाऱ्या न्यूट्रॉनांकडून शास्त्रज्ञ आणखी एक काम करून घेतात. ते म्हणजे पदार्थाच्या अंतरंगात डोकावण्याचे. आम्ही आज बोलणार आहोत ते त्याविषयी.

लोखंडाला चुंबक चिकटतो, हे पोरही जाणते. लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक इवलासा चुंबक असून शेजारी-शेजारी अणू एकाच दिशेला तोंड करतात. काही स्फटिकांत मात्र एकाचे तोंड वर, तर शेजाऱ्याचे खाली. बेरीज अर्थातच शून्य! अशा पदार्थांना प्रतिलोहचुंबक म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी ही कल्पना १९३०च्या दशकात मांडली. पण बाहेरून ज्याचे चुंबकत्व शून्य, त्याच्या आतली शिस्त दाखवावी कशी? न्यूट्रॉन हा स्वतःच एक चिमुकला चुंबक आहे. १९४९ साली अमेरिकेत शल व स्मार्ट यांनी थंड केलेल्या मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनांचा झोत सोडला आणि ती आलटूनपालटून केलेली मांडणी उघड झाली. आपल्याकडेही ट्रॉम्बे येथे अप्सरा अणुभट्टी १९५६ साली व ध्रुव १९८५ साली सुरू झाल्यावर न्यूट्रॉनांनी स्फटिक तपासण्याचे काम होत आले.

आता काठाकडे वळू. या मंडपात मधोमध बसलेल्यास चहूंकडे शेजार आहे; शेवटच्या रांगेतल्याच्या पाठीशी कोणी नाही. म्हणून मधल्यास न जमणाऱ्या हालचाली त्याला जमतात. स्फटिकाच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांचेही तसेच. आतल्या इलेक्ट्रॉनांना ज्या वाटा बंद, त्या काठावरच्यांना मोकळ्या असू शकतात, हे रशियन शास्त्रज्ञ ईगोर टाम यांनी १९३२ साली दाखविले.

मग प्रतिलोहचुंबकाच्या काठावर काय घडते? निओडिमियम व बिस्मथ यांच्या स्फटिकात उणे २४९ अंश सेल्सिअसच्या सुमारास ती उलटसुलट शिस्त लागते. त्यावर प्रकाश टाकून उडालेले इलेक्ट्रॉन किती ऊर्जेने व कोणत्या कोनात बाहेर पडतात, हे मोजले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : शिस्त लागताच पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांच्या कमानीसारख्या नव्या वाटा उमटतात, आणि स्फटिक तापला की त्या पुसल्या जातात. जिची बेरीज शून्य, त्या शिस्तीनेच काठावरच्या वाटा आखल्या!

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. १९७० साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना खुद्द नेएल यांनीही प्रतिलोहचुंबकांचा काही उपयोग दिसत नाही, असेच म्हटले होते. पुढे संगणकाच्या हार्ड डिस्कवरील नोंदी वाचणाऱ्या भागात, एका चुंबकी थराची दिशा स्थिर धरून ठेवण्यासाठी, याच पदार्थांचा पातळ थर वापरला गेला. ज्यांनी कल्पना मांडली त्यांनाच जे दिसले नाही, त्याचा निकाल आपण आजच्या आज मागू नये, एवढेच आमचे सांगणे.