जुन्या मोटारीचा रहाट

जन्मभर ज्यानें मुलांना शब्दरूपें आणि संधि शिकविले, त्यानें मोटारीच्या पत्र्याविषयीं लिहावयास बसावें हें वाचकांस विचित्र वाटेल. आम्हांसहि तें तसेंच वाटतें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पाटोद्याच्या घरीं एका मुलाचा पाय थोडक्यांत वांचला, आणि तो प्रसंग आमच्या अज्ञानामुळेंच ओढवला होता. हल्लीं जुन्या गाड्या सुधारून घेण्याची हौस पुष्कळ कुटुंबांत दिसते, म्हणून झालें तें सांगून टाकतों.

आमच्या वडील बंधूंनीं मुंबईस नोकरींत असतां १९७८ सालीं एक 'प्रीमियर पद्मिनी' घेतली होती. ही गाडी मूळची इटलीच्या फियाट कंपनीची. तिकडे १९५३ सालीं निघालेल्या 'अकराशें' जातीच्या गाडीचाच हा वंश. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होई, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. २००० सालाच्या सुमारास ती निघणें बंद झालें. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधूनहि तिनें निरोप घेतला.

बंधु गेल्यावर गाडी आमच्या पडवीशेजारच्या शेडमध्यें पडून राहिली. भंगारवाला दोनदां येऊन गेला. दोन्ही वेळां वहिनींनीं त्यास चहा पाजून परत पाठविलें. शेवटीं त्यांनीं आपल्या पेन्शनींतून सांठविलेले पैसे धाकट्या पुतण्याच्या हातीं दिले आणि "ही पुन्हां रस्त्यावर आण," एवढेंच सांगितलें. पैसा असा आलेला असल्यामुळें तो जपून खर्चिला पाहिजे, ही जबाबदारी आम्हीं आपण होऊन अंगावर घेतली. पुढचें सर्व रामायण त्या काटकसरींतून झालें.

बालाघाटच्या डोंगरांतील आमची हवा कोरडी. येथें लोखंड लवकर सडत नाहीं. पण ही गाडी वीस-बावीस वर्षें मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेंत वावरलेली. वरून रंग बरा दिसे. खालीं तळाच्या पत्र्यास टोंचणी लावली तर आरपार जाई. असा तळ दुरुस्त करावयाचा तर माणसानें गाडीखालीं उताणें निजून डोक्यावर वेल्डिंग करावें लागतें, आणि तापलेल्या लोखंडाचे थेंब तोंडावर झेलावे लागतात. यावर तोडगा म्हणजे इंजिन, चाकें, कांचा सर्व काढून उरलेला सांगाडा दोन टोंकांस धरून आंसाभोंवतीं फिरविणें. त्या यंत्रास 'रोटिसरी' म्हणतात. हें नांव फ्रेंच पाकशाळेंतील मांस भाजण्याच्या सळईवरून आलें आहे, हें समजल्यावर आमच्या घरांत तें नांव कोणी घेईना. वहिनींनीं त्यास 'रहाट' म्हटलें आणि तेंच रूढ झालें.

पुतण्या म्हणे, "काका, बाहेरून तयार मागवूं." आम्ही म्हटलें, दोन खांब आणि दोन पाइप यांत काय एवढें अवघड आहे? आणि जवळच्याच एका कारागिराकडून किलोच्या भावानें तो करवून घेतला. सांगाडा बंपरच्या जागीं बोल्टांनीं आंवळला आणि बंपरच्याच रेषेंत फिरण्याचा आंस धरला. कुलूप म्हणून पाइपावर कसलेला एकच स्क्रू. पहिल्याच दिवशीं सांगाडा तिरपा केला असतां छपराचें वजन एकदम खालीं ओढलें गेलें, स्क्रू घसरला, आणि सबंध धूड गर्रकन उलटें झालें. पुतण्याची चप्पल पत्र्याखालीं चेंगरली. पाय तेवढा त्यानें ओढून घेतला होता. कारागिराचा दोष आम्ही देत नाहीं. त्यानें आम्हीं सांगितलें तसेंच केलें होतें.

खरी गोष्ट अशी कीं, आंस हा सांगाड्याच्या भारमध्यांतून गेला पाहिजे, आणि भारमध्य बंपरच्या पुष्कळ वर असतो. म्हणून चांगल्या रहाटाच्या पकडींस वरखालीं सरकविण्याजोग्या भुजा असतात. सांगाडा किंचित् कलवून पाहावा: छप्पर खालीं धांवलें तर आंस फार खालीं आहे, आपोआप मागें सरळ झाला तर आंस फार वर आहे, आणि जेथें सोडावा तेथेंच थांबला तर जमलें. हें ज्यास करतां येत नाहीं असा रहाट फुकट मिळाला तरी घेऊं नये. कुलूप स्क्रूचें नको. तबकडीच्या भोंकांतून आरपार जाणारी जाड खीळ हवी. उंची जॅकनें वाढविली तरी भार जॅकवर ठेवूं नये, तेथेंहि खीळच हवी.

मग खांबांची उंची किती? येथें बौधायनाच्या शुल्बसूत्रांतील कर्णाचा नियम आमच्या उपयोगी पडला. आमचा चाकांविना सांगाडा सुमारें १५० सेंटिमीटर रुंद आणि १२५ उंच; भारमध्य तळापासून ५० वर. म्हणजे आंसापासून छपराचा कोपरा ७५ वर आणि ७५ बाजूस. कर्ण सुमारें १०६. छपराचे कोपरे गोल असल्यानें प्रत्यक्षांत कमीच भरतें, तरी आंस जमिनीपासून ११५ सेंटिमीटर ठेवला. वर तितकीच जागा फिरण्यास लागते, तेव्हां शेडचें छप्पर सव्वादोन मीटरांहून उंच हवें. आमच्या शेडचें नव्हतें. रहाट अंगणांत आला.

पण याहूनहि महत्त्वाचा प्रश्न आधींचा आहे: आपला सांगाडा टांगून घेण्यास समर्थ आहे काय? या गाडीला जीपसारखी निराळी चासी नसते. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर मिळूनच तिचें बळ होतें. दोन टोंकांस टांगलें कीं मधला भाग आपल्याच वजनानें झुकूं पाहतो. त्यांत दारांखालच्या पेट्या गंजलेल्या असल्या आणि टांगलेल्या स्थितींतच त्या कापल्या, तर दाराची चौकट वांकते, नवा पत्रा त्या वांकडेपणांतच जोडला जातो, आणि दार पुढें कधींहि धड लागत नाहीं. म्हणून आम्हीं सांगाडा आधीं सपाट शहाबादी फरशीवर, चाकांच्या जागीं टेकू देऊन ठेवला. दारें लावून फटी मोजल्या, चौकटींत आडवे-तिरपे पाइप जोडून त्या जखडल्या, आणि एका वेळीं एकच पेटी बदलली. यांत दोन महिने गेले. पुतण्या चिडला, पण ऐकलें त्यानें.

पकडीहि बंपरच्या जागेवरून हलविल्या. डिकीचा पत्रा तेथें कुजका होता. मागें पाट्यांच्या स्प्रिंगा जेथें अडकतात आणि पुढें चाकांचा आधार जेथें बोल्टांनीं बसतो, तीं ठिकाणें मुळांतच गाडीचा भार वाहण्यासाठीं केलेलीं. तेथें पकड दिली.

कांहीं लोक गाडी नुसती कुशीवर वळविणारा पाळणा घेतात. तो स्वस्त पडतो, जागा कमी अडवितो, आणि केवळ तळ घांसून रंगविण्यास पुरतो. मात्र पेट्या गंजलेल्या असतां सर्व भार त्यांवरच येतो, म्हणून आमच्या कामाचा नव्हता. दोन सुटे खांब कीं मध्यें तुळईनें जोडलेले, याबद्दल आमचें मत तुळईच्या बाजूचें. अंगणांतल्या ओबडधोबड जमिनीवर सुटे खांब एकमेकांपासून सरकतात. शिवाय पत्रा कापतांना चासी नंबर कोरलेला तुकडा कोणीं कापूं नये, आर.टी.ओ.च्या दृष्टीनें गाडी म्हणजे तोच तुकडा.

दुसरा रहाट त्याच कारागिरानें केला, या वेळीं पुतण्याच्या नकाशावरून. परवां वहिनी अंगणांत आल्या. त्यांनीं एका हातानें सांगाडा लोटला; तो पाऊण फिरला आणि तेथेंच थांबला. तळाच्या एका कोपऱ्यांत गंजाखालून मूळचा फिकट निळा रंग निघाला आहे, तो त्यांस पाहावयाचा होता. रंगवितांना हाच घ्यावा असें त्या म्हणाल्या. पुतण्यास काळा हवा आहे. तें अजून ठरावयाचें आहे.