गुडघा बसवला, धरून राहिला का?

कृत्रिम गुडघा हाडाला धरून ठेवायचे मार्ग दोन. पहिला बोन सिमेंटचा. पूड आणि द्रव कालवला की दहा-पंधरा मिनिटांत दगड होणारा हा लगदा. नाव सिमेंट असलं तरी तो गोंदासारखा चिकटत नाही. हाडाच्या जाळीदार छिद्रांत शिरून रुततो. म्हणून तर सर्जन हाड धुऊन कोरडं करण्यात इतका वेळ घालवतात. दुसऱ्या, बिनसिमेंटच्या प्रकारात धातूच्या खडबडीत पृष्ठभागात हाडच वाढतं. त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात.

सांधा सैल झाल्याची खूण बरीच बोलकी : घाटकोपरच्या फलाटावरच्या बाकावरून उठलं की पहिल्या चार पावलांना कळ, मग जरा बरं. शस्त्रक्रियेनंतरची थोडी सूज, ऊब काही महिने राहू शकते, तिचा बाऊ नको. पण बरा झालेला गुडघा पुन्हा दुखू लागला, तर नवा एक्स-रे जुन्याशी ताडून पाहावा लागतो. हाड आणि सिमेंट यांच्यातली काळी रेघ रुंदावत गेली तर शंका बळावते. सैलपणा लवकर आला असेल, तर आधी जंतुसंसर्ग तपासतात : रक्ताच्या ईएसआर, सीआरपी चाचण्या, गरज पडल्यास सांध्यातलं पाणी.

सैल सांधा बदलायचा म्हणजे खर्चाचाही प्रश्न आला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याच्या नेहमीच्या संचाला ५४,७२० रुपयांची कमाल मर्यादा घातली. पुनर्शस्त्रक्रियेच्या संचाला ६२,७७० रुपयांची. दोन्हींवर जीएसटी वेगळा. फाइलमधलं इम्प्लांटचं स्टिकर मात्र रद्दीत जाऊ देऊ नका. दुसऱ्या सर्जनकडे जायची वेळ आली, तर ते पहिल्यांदा तेच मागतील.