सुईचा कोन आणि द्रुत लय

ख्यालाच्या लाँग प्ले रेकॉर्डवर विलंबित बाहेरच्या कडेला वाजतं आणि द्रुत मधल्या लेबलाजवळ. गाण्याचा क्रमच तसा आहे, त्यात रेकॉर्ड काढणाऱ्यांचा काही दोष नाही. पण तबकडीचं गणित नेमकं उलट्या दिशेनं चालतं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर कडेच्या, म्हणजे केंद्रापासून १४६ मिलिमीटरवरच्या खाचेचा वेग सेकंदाला सुमारे ५१० मिलिमीटर असतो. ६० मिलिमीटरवर तो २१० च्या आसपास उतरतो. तेवढ्याच सेकंदाचं गाणं निम्म्याहून कमी लांबीच्या खाचेत कोंबलेलं असतं. तिथे दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची एक पूर्ण लाट जेमतेम २१ मायक्रॉन लांब उरते. ख्यालगायक वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. त्यांच्या गळ्यातली चपळ, अनपेक्षित वळणं घेणारी तान ज्याला रेकॉर्डवर ऐकायची असेल त्याची गाठ या अरुंद जागेशीच पडते. म्हणून सुई ज्यात बसते ते कार्ट्रिज टोनआर्मवर कसं बसवलं आहे हा प्रश्न केवळ महागड्या यंत्रांच्या शौकिनांचा नाही. आपल्या संगीतात तो जास्त निकडीचा आहे, आणि संगणकानं माप घेण्याची सोय घरोघरी पोहोचली असताना तो अंदाजावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

अडचण मुळातच आहे. रेकॉर्ड कापणारं यंत्र आपली सुई त्रिज्येवरून सरळ रेषेत आत नेतं. घरचा टोनआर्म एका टोकाला खिळलेला असल्यामुळे त्याची सुई कमानीतून फिरते. दोन्ही मार्ग सर्वत्र जुळणं अशक्य आहे. आर्मच्या टोकाला कार्ट्रिज तिरकं बसवलं आणि सुई मधल्या खुंटीच्या थोडी पुढे नेली, तर दोन ठिकाणी कोन अचूक जुळतो आणि इतरत्र चूक साधारण दोन अंशांच्या आत राहते. ती दोन ठिकाणं कुठे असावीत यावर लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये, बेरवाल्ड यांनी १९४१ मध्ये आणि स्टीव्हन्सन यांनी १९६६ मध्ये गणित मांडलं. आज सर्वाधिक चालणारी मांडणी ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर शून्य चूक ठेवते. स्टीव्हन्सन यांनी आतला बिंदू थेट शेवटच्या खाचेवर, ६०.३ मिलिमीटरवर नेला. त्यासाठी मधल्या पट्ट्यात थोडी अधिक विकृती पत्करावी लागते, म्हणून बरेच जाणकार ही मांडणी नाकारतात. ख्यालाच्या रेकॉर्डसाठी मात्र मला तीच योग्य वाटते. मध्यावरच्या संथ बढतीत थोडी चूक खपते; द्रुत तानेच्या शेवटच्या आवर्तनात ती बोचते. अर्थात रेकॉर्ड खरोखर तेवढी आतपर्यंत कापलेली असेल तरच. पुष्कळ रेकॉर्डचं गाणं सत्तर मिलिमीटरच्या आसपासच संपतं, आणि मग रूढ मांडणीच सरस ठरते. आधी पट्टी घेऊन शेवटची खाच मोजावी, मग पक्ष घ्यावा.

इथपर्यंत कोन जुळवायला छापून घेतलेली कागदी मापपट्टी पुरते. फक्त प्रिंटरनं ती लहानमोठी छापलेली नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं. संगणकाचं काम यापुढे सुरू होतं. चाचणीच्या रेकॉर्डवर ठरावीक सूर कापलेले असतात. ३१५० हर्ट्झचा सूर वेग आणि त्यातली थरथर सांगतो. फक्त डाव्या, मग फक्त उजव्या चॅनलमध्ये कापलेला एक हजार हर्ट्झचा सूर कार्ट्रिजचा आडवा कल सांगतो: एका बाजूचा सूर दुसऱ्या बाजूत किती गळतो हे ध्वनीच्या आलेखावर वाचता येतं. बाकी सगळं निर्दोष धरलं आणि कार्ट्रिज एकाच अंशानं कललं, तरी ही गळती उणे ३५ डेसिबलच्या खाली जाऊ शकत नाही, ती तिथेच येऊन थांबते. दोन अंशांना उणे २९, तीन अंशांना उणे २६. एवढा कल डोळ्यांना दिसतही नाही. उभ्या कोनासाठी दोन सूर एकत्र कापलेले असतात आणि त्यांच्या संगतीनं तयार होणारे, मुळात नसलेले सूर मोजले जातात. आर्म किंचित वर-खाली करत ते कमीत कमी होतात ती जागा शोधायची. जर्मनीतल्या डॉ. फायकर्ट कंपनीनं यासाठी अॅडजस्ट प्लस नावाचा संचच काढला, पण बरं साउंड कार्ड आणि ध्वनी विश्लेषणाचा एखादा मोफत प्रोग्रॅम यांवरही काम भागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कान असताना मोजायचं कशाला? ज्यांनी आयुष्यभर गाणं ऐकलं त्यांच्या कानाबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि तरीही इथे कान फसतो असं मी म्हणतो. कोन चुकल्यामुळे उपजणारी विकृती मुख्यतः मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येवर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच सुरावर येते. तंबोऱ्याची जवारी लावलेली असते तीच असे वरचे स्वयंभू स्वर फुलावेत म्हणून. यंत्रानं घातलेली भर त्या झंकारात मिसळते आणि कानाला ती खोट न वाटता आवाजाचा भरदारपणा वाटते. पियानोपेक्षा तंबोरा ही चूक अधिक सहज झाकतो. कानाला निवड करू द्यावी, पण दोन मोजलेल्या जागांमधली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो संगणकावरच आहे. माप हे ज्याच्याशी ताडून घेतलं त्याच्याइतकंच खरं. नागपूरच्या झिरो माइलजवळ १९०७ साली उभारलेला पातळीमापनाचा दगड आहे; समुद्रसपाटीपासूनची १०२०.१७१ फूट ही त्याची उंची आधी पक्की झाली, म्हणून पुढच्या मोजण्यांना तो आधार देऊ शकतो. चाचणीची रेकॉर्ड तेवढी पक्की नसते. तिचं भोक केंद्रापासून सरकलेलं असू शकतं, तिचा सूर थोडा वेगळा कापलेला असू शकतो, आणि वाजवून वाजवून ती झिजतेही. शिवाय कार्ट्रिजमधली तारेची वेटोळी सुईच्या तुलनेत वाकडी बसलेली असतील, तर गळती सर्वांत कमी दाखवणारा कल आणि सुई खाचेत सरळ उभी राहील असा कल हे दोन वेगळे निघतात. अशा वेळी आलेखाचं ऐकू नये. सुई सरळ ठेवावी, कारण वाकड्या सुईनं खाच एका बाजूनं घासते आणि ते नुकसान कायमचं असतं. दोन्हींतला फरक फार असेल तर कार्ट्रिजच सदोष आहे. माप चुकू शकतं हे मोजणं सोडण्याचं कारण होत नाही. एकाच्या जागी दोन चाचणी रेकॉर्ड वापरण्याचं कारण मात्र होतं.

आणखी एक समजूत अलीकडे रुजली आहे: आधी रेकॉर्ड संगणकावर उतरवून घेऊ, खरखर आणि विकृती नंतर प्रोग्रॅम काढील. टकटक निघते, खरखर बरीच कमी होते. पण तानेत मिसळलेला दुप्पट कंपनांचा सूर गायकाच्या गळ्यातला किती आणि आर्मच्या चुकीतला किती, हे नंतर कोण वेगळं करणार? जुन्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांच्या बाबतीत तर ही घाई अधिकच वाईट. त्यांची खाच रुंद, म्हणून लाँग प्लेची बारीक सुई तिच्या तळाशी घरंगळते. साधारण ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते. त्यांच्यासाठी चाचणीची रेकॉर्ड हाताशी नसली तरी काम अडत नाही, कारण ती तबकडी स्वतःच चाचणी आहे. तिच्या दोन्ही भिंतींवर एकच आवाज कापलेला असतो. स्टिरिओ कार्ट्रिजनं वाजवून संगणकावर एका चॅनलमधून दुसरा वजा केला, तर गाणं नाहीसं होऊन फक्त खडबड उरायला हवी. गायकाचा आवाज उरला तर कल किंवा दोन्ही बाजूंची पातळी बिघडलेली आहे. फक्त वरच्या पट्टीतला आवाज उरला तर सुई आडवी वळलेली असण्याची शक्यता मोठी. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेभोवती जमलेल्या संग्राहकांनी ज्या तबकड्या जपल्या, त्यांतल्या काहींच्या फारच थोड्या प्रती उरल्या असतील. त्या पुन्हा पुन्हा वाजवून प्रयोग करण्यासारख्या नाहीत. जुळणी एखाद्या सामान्य तबकडीवर पूर्ण करावी आणि दुर्मीळ तबकडीवर सुई एकदाच ठेवावी.

नागपुरात या मोजमापाला हवामानाचीही जोड द्यावी लागते. सुईची दांडी रबराच्या बारीक कड्यात धरलेली असते, आणि कंपन्या तिच्या लवचिकतेचे आकडे बहुधा वीस अंशांच्या आसपास मोजतात. इथे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो. रबर मऊ पडतं, त्याच वजनाखाली दांडी थोडी अधिक दबते आणि जानेवारीत लावलेला उभा कोन मे महिन्यात तोच राहत नाही. उष्ण खोलीत उभी-आडवी दाटीनं ठेवलेली रेकॉर्ड वाकते ती वेगळीच. वाकलेल्या रेकॉर्डवर एका फेरीचं माप विश्वासार्ह नसतं, काही फेऱ्यांची सरासरी घ्यावी लागते.

शेवटी, मोजलेलं लिहूनही ठेवायला हवं. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पाठवणाऱ्यांनी सोबत कार्ट्रिज आणि सुई दिली, आवरणावर सुई कुठे ठेवायची याची आकृती कोरली आणि एका फेरीला ३.६ सेकंद लागले पाहिजेत हेही सांगितलं. आपल्याकडे उतरवून घेतलेल्या बहुतेक फायलींसोबत राग आणि गायकाच्या नावापलीकडे काही नसतं. सुईचा आकार, तिच्यावरचं वजन, शून्य चुकीचे दोन्ही बिंदू, खोलीचं तापमान आणि दोन्ही बाजूंच्या गळतीचे आकडे एवढं लिहायला पाच ओळी पुरतात, आणि पुढे कोणी तीच तबकडी पुन्हा वाजवली तर दोन प्रतींत फरक का पडला हे त्याला त्या ओळींवरून शोधता येईल.