एकच मूळ चित्र मागावयाचे झाले तर

जगातील कोणतीही एक कलाकृती, मूळ कलाकृती, घरी नेण्याची मुभा कोणी दिली तर आपण कोणती निवडाल? प्रश्न वरवर पाहता शेखमहंमदी वाटतो. मूळ चित्र विकत घेण्याची ऐपत आपल्यापैकी फारच थोड्यांची, आणि जी चित्रे खरोखर मनात भरतात ती बहुधा विक्रीस नसतातच. तरीही हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा असे आम्हांस वाटते. चित्रशाळेतून हिंडताना आपण शंभर चित्रांना 'छान' म्हणतो आणि बाहेर पडताच नव्वद विसरतो. परंतु एकच निवडावयाचे म्हटले की डोळे वेगळ्या रीतीने पाहू लागतात. रोज सकाळी उठून ज्याच्याकडे पाहावयाचे, पावसाळ्यात ज्याची काळजी वाहावयाची, पाहुण्यांना ज्याची माहिती द्यावयाची असे एकच चित्र!

निवडीस आरंभ करण्यापूर्वी 'मूळ' म्हणजे काय हे स्पष्ट केले पाहिजे. आपल्या घराघरांतून, विशेषतः देवघरात, जी लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे आढळतात त्यांतील कितीतरी राजा रविवर्मा यांच्या चित्रांवरून छापलेली. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईस छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलविला. तेथे शिळाछापाची पद्धत असे. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने आकृती काढावयाची. दगड ओला केला म्हणजे पाणी तेलकट जागा टाळते, आणि छपाईची शाई नेमकी तेवढीच जागा धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि प्रत्येक दगडाची छाप आधीच्या छापेवर तंतोतंत बसली पाहिजे. अशा छापांना ओलिओग्राफ म्हणत, कारण वरून दिलेल्या चकाकीमुळे त्या तैलचित्राचा भास निर्माण करीत. या छापांनी मोठे काम केले यात शंका नाही. ज्या घरात कधी चित्र शिरले नव्हते त्या घरात चित्र शिरले. परंतु छाप ती छाप. चित्रकाराचा हात ज्या पृष्ठभागावरून प्रत्यक्ष फिरला ती वस्तू जगात एकच असते.

नकलेचे आयुष्यही बेभरवशाचे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून तयार केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्म झाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पुन्हा नकला केल्या, तर १८८५ साली लंडनमध्येच लागलेल्या आगीत त्यांपैकीही पुष्कळ जळाल्या. मूळ चित्रे मात्र वाघूर नदीच्या काठी, कातळाच्या पोटात, जीर्ण होत का होईना, टिकून राहिली. अजिंठा किंवा वेरूळचे कैलास लेणे आमच्या यादीत येऊ शकत नाही, हे सांगावयास नकोच. डोंगर घरी नेता येत नाही.

वडोदरेकरांना हा प्रश्न विचारला तर उत्तर ठरल्यासारखे येईल: रविवर्मा. ते स्वाभाविकही आहे. १८८१ साली सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले त्या सुमारास रविवर्मा प्रथम येथे आले. पुढे १८८८ साली महाराजांनी त्यांना चौदा पौराणिक चित्रांचे काम सांगितले. ही चित्रे १८९० च्या सुमारास तयार झाली, लोकांनी ती प्रदर्शनात गर्दी करून पाहिली, आणि मग ती नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यात लागली. छापील चित्रे काढून ती सर्वत्र पोहोचवावीत ही सूचनाही त्यांना आपल्या संस्थानचे एके काळचे दिवाण सर टी. माधवराव यांनी केली होती. म्हणजे देवघरातील त्या लक्ष्मीचे एक मूळ या गावात आहे म्हणावयाचे! १९७९ साली भारत सरकारने रविवर्म्यांच्या कृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला आणि त्यामुळे त्या विक्रीसाठी देशाबाहेर नेता येत नाहीत. देशातल्या देशात विकत घेण्यास मात्र मनाई नाही. आड येते ती किंमत.

आमच्यात या विषयावर बरेच दिवस वाद चालला. एका पक्षाचे म्हणणे, इंदूरला जन्मलेले आणि १९५० पासून सोळा वर्षे वडोदऱ्याच्या कलाविद्यालयात शिकविणारे नारायण श्रीधर बेंद्रे यांचे एखादे चित्र मागावे. दुसऱ्याला गोव्याच्या आंतोनियु झेवियर त्रिंदाद यांनी रंगविलेली व्यक्तिचित्रे हवी होती. रविवर्म्यांचा पक्ष तर मोठा होताच. या सर्वांचा मान राखूनही आमची निवड शेवटी एका अशा चित्रावर स्थिरावली, की जे बहुतेकांनी पाहिले आहे, ज्याची छापील प्रत कितीतरी घरांतून, दुकानांतून आणि दिनदर्शिकांवरून लटकली आहे, आणि ज्याच्या खाली पुष्कळदा चुकीचे नाव छापलेले असते.

चित्र असे आहे. काळोखात एक तरुणी उभी आहे. अंगावर जांभळट रंगाची साडी. हाती पेटता दिवा असून तो वाऱ्याने विझू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताचा आडोसा धरला आहे. ज्योत आपल्याला दिसत नाही. दिसतो तो तिचा परिणाम. बोटांच्या कडा प्रकाशाने लालसर, जवळजवळ पारदर्शक झाल्या आहेत. चेहरा खालून उजळला आहे. पाठीमागे सावली आहे. 'ग्लो ऑफ होप', म्हणजे आशेची प्रभा, या इंग्रजी नावाने ते प्रसिद्ध आहे. 'दिवा घेतलेली स्त्री' म्हणूनही लोक त्याला ओळखतात. मूळ चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रशाळेत आहे.

हे चित्र रविवर्म्यांचे, असे अनेक लोक मोठ्या खात्रीने सांगतात. त्यांचा समज कसा झाला असेल याची कल्पना करता येते. रविवर्म्यांनी आयुष्याच्या अखेरीस मैसूर दरबारासाठी चित्रे काढली होती, आणि त्याच जगन्मोहन राजवाड्यात त्यांची चित्रेही आहेत. शिवाय साडी नेसलेली सुंदर स्त्री दिसली की रविवर्म्यांचे नाव ओठांवर येण्याची आपल्याला सवयच लागली आहे. परंतु साधा हिशेब मांडावा. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे चित्र १९४५-४६ मधील आहे. मध्ये जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर पडते. दुसरा पुरावा चित्राच्या अंगातच आहे: रविवर्म्यांची कीर्ती तैलरंगांवर उभी आहे, आणि हे चित्र जलरंगातील आहे.

चित्रकाराचे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२ साली सावंतवाडीस. लाकडी खेळण्यांसाठी आणि हाताने रंगविलेल्या गंजिफांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. तेथील मुलाचे डोळे रंगांना लहानपणापासून सरावले असतील तर नवल नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि १९६८ साली, पंचाऐंशी वर्षांचे दीर्घ आयुष्य भोगून, ते गेले. म्हणजे हे चित्र काढले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. या वयात हात थोडासा कापला तरी लोक समजून घेतात. त्यांनी मात्र असे माध्यम हाती घेतले की ज्यात हात कापून चालत नाही.

हे माध्यम थोडे समजून घेतले पाहिजे, कारण आमच्या निवडीचे खरे कारण त्यातच आहे. तैलरंगात रंगाची भुकटी जवसाच्या तेलात खललेली असते. तेल हळूहळू वाळते. चूक झाली तर रंग खरवडता येतो, वाळल्यावर वरून दुसरा देता येतो, आणि काळ्यावर पांढरा ठिपका ठेवून प्रकाश दाखविता येतो. जलरंगात रंग डिंकात कालविलेला असतो आणि पाण्याने पातळ करून कागदावर दिला जातो. तो पारदर्शक असल्यामुळे खालचा कागद त्यातून उजळतो. पारदर्शक जलरंगाच्या शिस्तीत पांढरा रंग वापरावयाचाच नसतो. कागदाचा पांढरेपणा हाच पांढरा रंग. म्हणून जेथे सर्वांत अधिक उजेड हवा तेथे चित्रकाराने काहीच करावयाचे नाही, किंवा अगदी नाममात्र रंगाचा हात फिरवावयाचा. काम उजेडाकडून अंधाराकडे जाते. एकदा काळोख दिला की तो मागे घेता येत नाही. धुऊन काढू पाहिले तर कागद मळकट होतो, त्याचे तंतू वर येतात, आणि हलगर्जीपणाची खूण कायम राहते.

आता पुन्हा त्या तरुणीकडे पाहा. हे चित्र बहुतांशी काळोखाचे आहे. म्हणजे चित्रकाराने ज्या रंगाला चूक माफ नाही अशा रंगाने भोवताल भरून काढला आणि मध्ये चेहरा, बोटे, पदराची कड एवढेच उजेडासाठी राखून ठेवले. हा उजेड कागदावर कोणी चढविलेला नाही, सभोवतीच्या काळोखापासून तो वाचविलेला आहे! ज्यांनी चित्रकलेच्या तासाला जलरंगात आकाश रंगवून पाहिले असेल, आणि रंगाचा ओघळ डोंगरावर उतरताना हताशपणे पाहिला असेल, त्या आमच्या विद्यार्थिमित्रांना याची किंमत वेगळी सांगावयास नको.

चित्रासाठी उभी राहिलेली तरुणी म्हणजे हळदणकरांची स्वतःची कन्या, गीता. दिवाळीच्या दिवसांत हाती दिवा घेतलेल्या मुलीला पाहून वडिलांना ही कल्पना सुचली असे सांगतात. वडिलांसमोर तिला दिवा सावरीत तासन् तास न हलता उभे राहावे लागले. पुढे त्या कोल्हापूरला राहिल्या आणि शंभरी ओलांडून २०१८ साली वारल्या. जिची छबी लाखो घरांत लागली ती स्त्री आपल्यातच, एका मराठी गावात, एवढी वर्षे वावरत होती, आणि भिंतीवरच्या कागदाखाली मात्र तिच्या वडिलांच्या जागी दुसऱ्याच थोर माणसाचे नाव होते. रविवर्म्यांच्या कीर्तीला या उसन्या चित्राची गरज नाही. हळदणकरांना मात्र स्वतःचे चित्र हवे.

निवड झाली, आता ते घरात आणून लावावयाचे कसे? येथे पंचाईत आहे. कागदावरच्या जलरंगाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे प्रकाश. उन्हाने रंग फिके पडतात आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालये अशा चित्रांवर साधारण पन्नास लक्सहून अधिक उजेड पडू देत नाहीत. तो मंद संधिप्रकाशासारखा असतो. म्हणून मैसूरलाही हे चित्र अंधाऱ्या जागी ठेवून दाखविण्याची रीत पडली आहे. अंधारात दिव्याचा परिणाम वाढतो, आणि रंगांचे रक्षणही होते. आपल्याकडे आणखी दोन वैरी: पावसाळी दमट हवा आणि कसर. ओल लागली की कागदावर तपकिरी डाग उमटतात, बुरशी धरते. काच चित्राला चिकटून असता कामा नये; मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालून हवेला जागा ठेवावी लागते, आणि तो पुठ्ठाही आम्ल नसलेला हवा, नाहीतर तो स्वतःच कागद पिवळा करतो. बाहेरच्या भिंतीवर, जिला पावसाची ओल येते, चित्र कधीच लावू नये. एवढे ऐकून आमच्यातील एकाने, मग मैसूरलाच राहू द्या, असा शेरा मारला. त्यात तथ्य आहे. राजवाड्यात ते हजारोंना दिसते. आमच्या माजघरात ते आम्हांला आणि शेजाऱ्यांना दिसेल. परंतु प्रश्न 'कोठे असावे' हा नव्हता, 'कोणते हवे' हा होता, आणि हवेपणाला थोडा स्वार्थ असावयाचाच.

तेव्हा जागा आम्ही ठरविली आहे. माजघराची आतली भिंत, जिच्यावर कोणत्याही ऋतूत ऊन येत नाही. समोर खिडकी नाही. संध्याकाळी दिवे लागल्यावर, बाजूचा एक सौम्य दिवा सोडून बाकीचे मालवावयाचे, आणि मग पाहावयाचे. दिवाळीच्या चार दिवसांत शेजारपाजारच्या मुलांना बोलवावयाचे, आणि ज्योत कोठे आहे ते शोधावयास सांगावयाचे. आणि चौकटीच्या खाली, दुरूनही वाचता येईल अशा ठळक देवनागरी अक्षरांत, एक पट्टी: चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडी. जलरंग, कागद. १९४५-४६.