सिंधुदुर्गातील पक्षी आणि अधिवासाची नोंद

एखाद्या जिल्ह्यात पक्ष्यांच्या किती जाती आढळतात, असा प्रश्न वारंवार विचारला जातो; परंतु केवळ संख्येवरून त्या प्रदेशाविषयी फारसे काही कळत नाही. पक्षी कोणत्या अधिवासात व कोणत्या महिन्यात दिसला, हे यादीत नसेल तर पुढील अभ्यासकास तीवरून तुलना करता येत नाही. सिंधुदुर्गाच्या उदाहरणाने हा मुद्दा येथे स्पष्ट करावयाचा आहे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा जिल्हा सुमारे ५,२०० चौरस किलोमीटरांचा आहे. मालवणच्या किनाऱ्यापासून सुमारे ७०० मीटर उंचीवरील आंबोलीचे सरळ अंतर साठ किलोमीटरांच्या आसपास भरते. तेवढ्यात निदान पाच निरनिराळे अधिवास लागतात. पुळणीवर हिवाळ्यात कुरव व चिखले उतरतात; किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर समुद्रगरुड तेच घरटे दरवर्षी डागडुजी करून वापरतो. खाड्यांच्या कांदळवनांत बगळे व खंड्या वावरतात. जांभ्याच्या सड्यांवर चंडोल व टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. पुढे धामापूरसारखे गोडे तलाव, आणि अखेरीस आंबोली-तिलारीचे अरण्य लागते. तेथील धनेशास ढोलीसाठी जुने वृक्ष व फळांसाठी वड-उंबर हवे असतात.

हे अधिवास परस्परांपासून तुटलेले मात्र नाहीत. वेंगुर्ल्यासमोरील समुद्रातल्या खडकांवर सुरय पक्षी वीण घालतात, तर तेथील गुहेत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात. या दोहोंविषयी हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ मध्ये लिहिले होते. पाकोळ्यांचे घरटे समुद्रात असले, तरी कीटक टिपण्यासाठी त्या मुख्य भूमीवर येतात. म्हणजे केवळ गुहा राखून त्यांचे रक्षण पुरे होत नाही.

जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी १८८० साली 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिच्यातील एखादी जात आज आढळली नाही, तर ती लोपली असे म्हणावयाचे, की निरीक्षक तिच्या अधिवासात गेलाच नाही असे? अधिवासवार नोंदीवाचून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

सड्याच्या बाबतीत हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. पक्षिनिरीक्षक बहुधा अरण्य किंवा किनारा निवडतात. सडा केवळ वाटेत ओलांडला जातो. महसुली दप्तरात तो पड किंवा पोटखराब म्हणून नोंदला जातो आणि पाहता पाहता तेथे चिरेखाण किंवा कलमांची बाग उभी राहते. वृक्ष तोडला तर निदान खोड मागे उरते. टिटवीची अंडी भोवतालच्या खड्यांतून ओळखूही येत नाहीत, त्यामुळे तिची वीण बुडाल्याची खूणही राहत नाही.

म्हणून विद्यार्थ्याने एखादा सडा निवडून वर्षभर, दर महिन्याला, त्याच वाटेने फिरावे. पक्षी न दिसल्याचा दिवसही तारखेसह टिपावा. अशी वही यादीत एकाही जातीची भर घालणार नाही कदाचित. पण सडा नाहीसा झाल्यावर तेथे काय होते, हे सांगणारा तेवढाच पुरावा उरेल.