पोराचं पोट शाळेच्या वेळेलाच का दुखतं?

सकाळची वेळ. दप्तर भरलेलं, डब्यात भाकरी बांधलेली आणि पोरगं अंथरुणातून उठायला तयार नाही. "आई, पोटात दुखतंय," एवढंच म्हणतं. आई ओवा चावायला देते. बाप म्हणतो, "नाटकं करतंय, दोन ठेवून दे त्याला." शाळेची घंटा होऊन जाते आणि पोट आपोआप बरं होतं. रविवारी तर ते दुखतच नाही.

वाचकहो, तुमच्या घरी असं घडत असेल तर हात उगारण्यापूर्वी जरा थांबा. पोरगं कामचुकार असेलही. पण शाळेच्या वाटेवर कुणीतरी त्याला रोज अडवत असेल, हेही शक्य आहे.

मुलांचा छळ मास्तरांसमोर क्वचितच होतो. तो होतो एसटीच्या मागच्या सीटवर, ओढ्याच्या फरशीजवळ, मुतारीच्या आडोशाला, नाहीतर वसतिगृहात रात्री दिवे मालवल्यावर. डबा पळवायचा, सायकलची हवा सोडायची, वही फाडायची, खेळात घ्यायचं नाही. कुणी तोतरं बोलतं, कुणी लंगडतं, कुणाचा रंग काळा. लगेच नाव पडतं आणि ते जन्मभर चिकटतं. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात आलेली मुलं मध्येच नव्या वर्गात बसतात. त्यांची बोली निराळी, कपडे मळलेले. टोळक्याला आयतंच गिऱ्हाईक मिळतं. जातीवरून बोलणं तर याहून वाईट. ते शब्द पोरं घरच्या ओट्यावरच ऐकतात. आता त्यात मोबाईलची भर पडली आहे. पूर्वी घरी आल्यावर तरी सुटका होती. आता ग्रुपवरची टवाळी उशाशी येते.

"पोरांची चेष्टा आहे हो, आम्हीपण केली," असं आपण म्हणतो. फरक ओळखणं अवघड नाही. चेष्टेत दोघंही हसतात आणि उद्या पाळी दुसऱ्याची येते. छळात रोज तेच पोरगं सापडतं, हसतात फक्त दुसरे, आणि त्याला उलटून काही करता येत नाही.

नॉर्वे देशात १९८२ च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे सोबत्यांचा छळ असावा, असं पुढं आलं आणि देश हादरला. १९८३ मध्ये सरकारनं देशभर मोहीम हाती घेतली. डॅन ओल्वेअस या मानसशास्त्रज्ञानं बर्गन शहरातल्या शाळांत उपाय राबवले, तेव्हा छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचं त्यांच्या अभ्यासात दिसलं. उपाय साधे होते. सुट्टीत शिक्षकांनी मैदानात फिरायचं, वर्गानं मिळून नियम ठरवायचे, त्यावर नियमित बोलायचं, आणि छळणारा व सोसणारा, दोघांच्याही पालकांना बोलावायचं. यातलं आपल्या गावाला परवडणार नाही, असं काय आहे?

पालकांनी काय करावं?

"आज काय शिकवलं?" याऐवजी "सुट्टीत कुणाबरोबर होतास? येताना कोण सोबत होतं?" असं विचारा. पोरगं बोलू लागलं की मध्ये तोडू नका. "तूही दोन दे," असा सल्ला नको. मारता आलं असतं तर ते रडत घरी आलं नसतं. आणि काठी घेऊन समोरच्याच्या दारात तर मुळीच जाऊ नका. पोरांचं भांडण बांधाच्या जुन्या वादाला जाऊन भिडतं, भावकी उभी राहते आणि पोरगं बाजूलाच राहतं. शाळेत जा, गुरुजींशी शांतपणे बोला, काय ठरलं ते आठ दिवसांनी पुन्हा विचारा.

आणि तक्रार आपल्याच पोराविरुद्ध आली तर? "आमचं पोरगं तसलं नाही," म्हणून विषय तोडू नका. घरात जो रोज मार खातो, तो पुष्कळदा बाहेर दुबळा बघून हात उचलतो.

शाळेनं काय करावं?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार विद्यार्थ्याला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना मनाई आहे. मास्तरच एखाद्याला "ढ" म्हणू लागले, तर वर्गाला परवानाच मिळतो. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. बैठकीत पत्र्यांचा विषय निघतो, टाकीचा निघतो. पोरांच्या भीतीचाही निघू द्या. तक्रारपेटी बसवण्याचा आदेश राज्य शासनानं २०१७ मध्येच दिला आहे. ती मुख्याध्यापकांच्या दारात टांगली, तर चिठ्ठी टाकणारं पोरगं सगळ्यांना दिसतं. आडबाजूला लावा आणि ठरल्या दिवशी उघडा. गावात कुणी ऐकतच नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाईन दिवसरात्र सुरू असते.

सगळ्यात मोठी ताकद मात्र बघ्या पोरांची. छळणारे दोघं असतात, बघणारे वीस. त्यातल्या चौघांनी "सोड रे त्याला" म्हटलं, तरी पुष्कळदा जोर ओसरतो. पण गुरुजींना सांगणारा चहाडखोर नसतो, हे त्यांना आधी मोठ्यांनी सांगायला हवं.

तेव्हा उद्या सकाळी पोट दुखलं तर ओवा जरूर द्या. पण पोराजवळ घटकाभर बसा, आणि एक दिवस त्याच्याबरोबर शाळेची वाट चालून बघा.